जुनी बुलेट आणि भरवशाचा हिशेब



गाड्यांवर बोलायला लागल्यापासून एक प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. बेळगावहून आला, बडोद्याहून आला, हैदराबादहून आला. आमच्या इंदूरमध्ये तर पोहे खायला थांबलो तरी कुणीतरी गाडीभोवती एक चक्कर मारतं आणि विचारतं, "जुनी बुलेट घ्यावी का हो? भरवशाची असते का?"

एका शब्दात उत्तर द्यायचं तर 'नाही'. पण मी स्वतः १९८७ सालची बुलेट गेली एकोणीस वर्षं चालवतो आहे, आणि एवढ्या वर्षांत ती टेम्पोत घालून घरी आणायची वेळ एकदाच आली. बाकी प्रत्येक वेळी ती रस्त्यात थांबली आणि रस्त्यातच पुन्हा चालू झाली. मग ही गाडी भरवशाची म्हणायची की नाही? आज या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो. व्हिडिओत हात दाखवून सांगता येतं, इथे शब्दांवर भागवायचं आहे, तेव्हा थोडं सावकाश वाचा.

आधी कुठल्या गाडीबद्दल बोलतो आहे ते स्पष्ट करू. रॉयल एनफिल्डची जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची ३५० बुलेट. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, हेडलाइटच्या वर दोन छोटे दिवे आणि डाव्या मुठीजवळ डीकॉम्प्रेसरचा खटका. या इंजिनाचा आराखडा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमधला. १९५५ मध्ये मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली आणि गाडी तिथे बनू लागली. इंग्लंडमधला रेडिचचा मूळ कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, पण आपल्याकडे तेच इंजिन थोड्याफार बदलांसह एकविसावं शतक उजाडून गेलं तरी बनत होतं. नंतर नवं इंजिन आलं. नव्या गाड्यांना आजचं बोलणं लागू नाही.

जे आवडतं, तेच बिघडवतं

बुलेटचा आवाज आवडतो म्हणून लोक ती घेतात. तो आवाज येतो कुठून? ३४६ सीसीचा एकच सिलिंडर, त्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची वर-खाली धाव ९० मिलिमीटर. लांब धाव आणि आत जडशीळ फ्लायव्हील. म्हणून इंजिन हळू फिरतं आणि प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. एवढा मोठा पिस्टन एकटाच वर-खाली धावतो. त्याला तोलायला फ्लायव्हीलवर वजन ठेवलेलं असतं, पण ते वजन गोल फिरतं आणि पिस्टन सरळ रेषेत जातो. वर-खालचा धक्का पूर्ण मारायला जावं, तर तेवढाच धक्का पुढे-मागे सुरू होतो. म्हणून आखणारा मधला मार्ग काढतो आणि थोडी थरथर दोन्हीकडे सोडून देतो. पुढच्या काळातल्या बऱ्याच एकसिलिंडर गाड्यांत ही थरथर मारायला वेगळा बॅलन्सर असतो. इथे तो नाही.

ही थरथर सतत नट सैल करत असते. नंबरप्लेटला चीर जाते, बल्बची तार तुटते, सायलेन्सरचा बोल्ट कधी गळून पडला ते कळत नाही. यावरचा उपाय अगदी साधा आहे. दर पाचशे किलोमीटरला पाना घेऊन गाडीभोवती एक फेरी मारायची. इंजिनाचे माउंटिंग बोल्ट, सायलेन्सर, मडगार्ड, नंबरप्लेट, बॅटरीची टोकं. वीस मिनिटांचं काम. जो नट वारंवार सैल होतो त्याला स्प्रिंग वॉशर किंवा नायलॉनचा नट लावायचा. आंधळेपणाने जोर लावून आवळायचा नाही, आटे जातात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. बिडाचा सिलिंडर अॅल्युमिनियमएवढ्या झपाट्याने उष्णता बाहेर टाकत नाही. म्हणून ही गाडी साठ-सत्तरच्या वेगात दिवसभर चालते, पण नव्वदला तासभर ताणली की पिस्टन जॅम होण्याचा धोका असतो. महामार्गावर ट्रकने मागे टाकलं तर टाकू द्यावं.

तेल का गळतं

"बुलेटखाली तेल नसेल तर समजा आतलं संपलं," असा विनोद सगळीकडे चालतो. पण गळतीची कारणं ठरलेली आहेत आणि ती कळली की अर्धी गळती थांबते.

या गाडीत तेलाची टाकी इंजिनाच्या खालच्या ओतीव भागातच वेगळा कप्पा करून बसवली आहे. एक पंप तेल वर पाठवतो, दुसरा खाली साठलेलं तेल परत टाकीत आणतो. गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली की तेल हळूहळू झिरपून फ्लायव्हीलच्या बाजूला जमतं. मग पहिल्या किकला निळा धूर निघतो आणि ब्रीदरच्या नळीतून तेल थुंकलं जातं. नवा मालक घाबरतो, इंजिन गेलं म्हणतो, आणि समोरचा मिस्त्री प्रामाणिक नसेल तर मान डोलावतो. पाच-दहा मिनिटं इंजिन चालू द्या. दुसरा पंप तेल जागेवर आणतो आणि धूर थांबतो. म्हणूनच तेलाची पातळी इंजिन थोडं चालवून, मग बघायची. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीची पातळी कमी दिसते. त्यावर भर घातली की ते जास्तीचं तेलच पुढे बाहेर येतं.

दुसरं कारण ब्रीदर. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालची हवा दाबली जाते. ती बाहेर पडावी आणि परत आत येऊ नये म्हणून रबराची एकतर्फी झडप असते. हे रबर कडक झालं किंवा नळी तुंबली की हवा दुसरी वाट शोधते, आणि ती वाट म्हणजे गॅसकेट. लोक तीन-तीन वेळा गॅसकेट बदलतात आणि तेल तिथूनच येत राहतं. आधी ब्रीदर बघा, मग गॅसकेट.

तिसरं, डाव्या बाजूचं चेनकेसचं मोठं झाकण. एवढं मोठं झाकण मधल्या एकाच नटने धरलेलं असतं. गळतं म्हणून तो नट आवळावा, तर झाकण वाकतं आणि जास्त गळतं. कडेचं रबर नवं घाला, ते नीट खाचेत बसवा आणि नट बेताने आवळा.

पॉइंट आणि कंडेन्सर

रस्त्यात थांबलेल्या जुन्या बुलेटचं दुखणं पुष्कळदा इथे असतं, म्हणून हे नीट समजून घ्या.

प्लगमध्ये ठिणगी पडायची तर कॉइलमधला प्रवाह अचानक तोडावा लागतो. तो तोडण्याचं काम पॉइंट करतात. एक छोटा कॅम फिरतो, पॉइंटच्या टाचेला ढकलतो आणि दोन टोकं एकमेकांपासून दूर होतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर पॉइंट मिनिटाला दीड हजार वेळा उघडतात. तासाला नव्वद हजार वेळा. एवढं घासल्यावर टाच झिजणारच. टाच झिजली की फट कमी होते, फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडते. मग गाडी तापते, ओढत नाही, किक जास्त लागतात.

ही फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. फिलर गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. ते हाताशी नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड रस्त्यात वेळ मारून नेतं. टोकं काळी पडली असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवा, मग पेट्रोलच्या फडक्याने पुसा. कॅमवर ग्रीसचा बारीकसा ठिपका पुरे. जास्त झालं तर तेच ग्रीस टोकांवर जातं आणि गाडी बंद पडते.

पॉइंटच्या शेजारी कंडेन्सर असतो. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू नये म्हणून तो प्रवाहाचा झटका स्वतःत घेतो. कंडेन्सर कमजोर झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवर उडते आणि टोकं जळतात. त्याची एक खोड लक्षात ठेवा. थंड असताना तो ठीक चालतो, गरम झाला की मान टाकतो. मला हे इंदूर-खंडवा रस्त्यावर भेरूघाटात कळलं. गाडी बंद पडली, अर्धा तास उभी केली, चालू झाली, चार किलोमीटरवर पुन्हा बंद. पेट्रोल होतं, प्लग स्वच्छ होता. कुठल्याशा दुकानातून घेतलेला, पुडीवर नावही नसलेला कंडेन्सर काढला, पिशवीतला दुसरा लावला, आणि पुढे ओंकारेश्वरला जाऊन रात्री घरी परत आलो.

पिशवीत कुठला कंडेन्सर ठेवावा, हेही महत्त्वाचं आहे. नवा, न उघडलेला ठेवू नका. नवा घेतला की तो गाडीला लावून आठवडाभर चालवा. चालला तर तो काढून पिशवीत ठेवा. न वापरलेला सुटा भाग ही नुसती आशा असते. वापरून पाहिलेल्या भागावर घरी पोचता येतं.

"पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन का बसवत नाही?" असं विचारणारे पुष्कळ आहेत, आणि प्रश्न रास्त आहे. त्या संचात झिजणारं काही नसतं, फट बघावी लागत नाही, गाडी कमी वेळा थांबते. पण ज्या दिवशी तो जातो त्या दिवशी रस्त्यात करण्यासारखं काही उरत नाही. पॉइंट वारंवार तक्रार करतात, पण ती तक्रार पॉलिश पेपरने मिटते. रोज शहरात कामावर जाणाऱ्याने इलेक्ट्रॉनिक बसवावं, असंच मी सांगेन. मी मात्र आडरस्त्याने फार फिरतो, म्हणून पॉइंटवर आहे.

अँपिअर मीटर वाचायला शिका

हेडलाइटच्या वर जो काट्याचा गोल मीटर आहे, तो शोभेचा नाही. गाडी थांबल्यावर पाना काढायच्या आधी त्याच्याकडे बघा.

चावी चालू करा, दिवे बंद ठेवा, डीकॉम्प्रेसर दाबा आणि किक हाताने किंवा पायाने हळूहळू खाली न्या. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो आणि काटा वजाकडे झुकतो. पॉइंट उघडले की काटा मध्यावर येतो. काटा असा झुकून परत येत असेल, तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतची वाट ठीक आहे. मग प्लग, प्लगची केबल, कंडेन्सर किंवा पेट्रोल तपासा.

काटा हललाच नाही तर वाट कुठेतरी तुटली आहे. फ्यूज, बॅटरीचं टोक, चावीचा स्विच, किंवा पॉइंटच्या टोकांवर बसलेली घाण. या क्रमाने बघा.

काटा वजाकडे गेला आणि तिथेच राहिला तर पॉइंट उघडतच नाहीत, म्हणजे फट गेली आहे. नाहीतर पॉइंटकडे जाणारी तार सोलून बॉडीला टेकली आहे, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे.

एवढ्या एका काट्याने अर्धी शोधाशोध संपते. पेट्रोलच्या बाजूने बघायचं तर आधी कॉक रिझर्व्हवर घ्या, मग टाकीचं झाकण उघडून बघा. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं की टाकी भरलेली असूनही पेट्रोल उतरत नाही. आणि प्लग बाहेर काढून ठिणगी बघत असाल तर पेट्रोलचं फडकं आणि उघडी टाकी लांब ठेवा.

किक मारतानाही हाच काटा कामाला येतो. किक हळू दाबत नेली की एका जागी ती घट्ट लागते. डीकॉम्प्रेसर ओढून तिथून किंचित पुढे जा, काटा मध्यावर आला की खटका सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण खालपर्यंत मारा. अर्धवट मारलेली किक उलटते आणि घोट्याला लागते. नीट मारूनही ती वारंवार उलटत असेल तर ठिणगी फार लवकर पडते आहे. टायमिंग बघून घ्या.

आजचं पेट्रोल

ही अडचण नवी आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ही गाडी आखली तेव्हा असं पेट्रोल कुणाच्या मनात नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते आणि तो गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगतात किंवा तडकतात. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं आणि आधीच तापणारं इंजिन आणखी तापतं.

मी चार गोष्टी करतो. जुन्या नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या लावल्या आहेत. टाकीनंतर एक छोटा फिल्टर आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवतो. आणि प्लगचा रंग बघतो. तो विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. पांढुरका दिसला की मिश्रण पातळ आहे, मेन जेट एक नंबर वाढवायचा.

हे कुणाला येतं?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या गाडीची दुखणी मोजकी आहेत, आधी खुणा करून येतात आणि खिशातल्या हत्यारांनी बरी होतात. म्हणजे तिचा भरवसा यंत्रात अर्धाच आहे. उरलेला अर्धा माणसात आहे. आणि तो माणूस कमी होत चालला आहे.

मी ज्यांच्याकडे हे सगळं शिकलो ते उस्ताद आज सत्तरीपुढे आहेत. टॅपेट लावताना ते पुशरॉड दोन बोटांत फिरवतात. इंजिन थंड असताना रॉड सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. ते बोटांना कळतं, गेज लागत नाही. अलीकडे त्यांना पॉइंटची फट दिसत नाही. ते मला बोलावतात, मी बघतो आणि ते हात लावून विचारतात, "आता?" त्यांच्या मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यात वाईट काही नाही, पण दुकानाच्या मागच्या भिंतीवर टांगलेले ते ठोकून-वाकवून बनवलेले पुलर आणि पाने पुढे कोण ओळखणार?

गेल्या वर्षी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, मला बुलेट घेऊन एकटीला ओंकारेश्वरला जायचंय." ती बावीस वर्षांची आहे, गाडी उत्तम चालवते. चालवण्याची मला काळजी नव्हती. सिमरोलच्या पुढे घाट लागतो, मध्ये बराच पट्टा निर्जन आहे, आणि तिथे ही गाडी थांबली तर? 'नाही' म्हणणं सोपं होतं. पण तिला नाही म्हणायचं तर गाडी मी गेल्यावर भंगारातच जाणार, हेही कबूल करावं लागलं असतं.

म्हणून आम्ही ठरवलं, की परीक्षा द्यायची. तीन रविवार ती उस्तादांकडे बसली. चौथ्या रविवारी उस्तादांनी तिला चहा आणायला पाठवलं आणि तेवढ्यात पॉइंटमध्ये कागदाचा बारीक तुकडा सरकवला. ती आली, दोन किक मारल्या, गाडी चालू होईना. तिने पाना उचलला नाही. चावी फिरवली, किक हळू खाली नेली, काटा बघितला. काटा हलला नाही. फ्यूज बघितला, बॅटरीची टोकं बघितली, मग पॉइंटचं झाकण उघडलं. अकरा मिनिटं लागली. उस्ताद मला म्हणाले, "अब चाबी दे दो."

ती गेली आणि आली. वाटेत गाडी एकदा थांबली, बडवाहच्या अलीकडे. झाकणाचं छिद्र बुजलं होतं. मला तिने हे संध्याकाळी जेवताना सांगितलं.

मग घ्यावी का?

घरात ही एकच गाडी असणार असेल तर घेऊ नका. आमच्याकडे दारात एक साधी स्कूटर कायम असते, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचं, परीक्षेला पोचायचं, स्टेशनवर कुणाला आणायचं तर स्कूटरच निघते. आवडत्या गाडीवर अशा वेळचं ओझं टाकू नये.

महिन्यातून एक सकाळ तिला देता येणार नसेल, तरी घेऊ नका. आणि कागद आधी बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण एकेका पाच वर्षांसाठी होतं, आणि दिल्ली-एनसीआरमध्ये जुन्या पेट्रोल गाड्यांचे नियम वेगळे आणि बदलते आहेत. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर आरसीशी जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका.

हे सगळं जमणार असेल तर जरूर घ्या. पिशवीत दोन प्लग, वापरून पाहिलेला कंडेन्सर, पॉइंटचा जोड, फ्यूज, वितभर तार, पॉलिश पेपर आणि चार पाने ठेवा. आणि तुमच्या गावातला जुना मिस्त्री अजून दुकान उघडत असेल, तर या रविवारी त्याच्याकडे जाऊन बसा. गाडी नंतरही मिळेल.

पुढच्या भागात कार्बोरेटर उघडून बघू. तोवर नमस्कार.